झुलती पॅन्सी की पिटुनिया? मुंबईच्या गॅलरीत बियांपासून काय लावावं

टांगत्या कुंडीतून खाली झुलणारी पॅन्सी मुंबईत बियांपासून होते का? होते. पण आपल्या हवेत तिला मोजकेच आठवडे मिळतात, म्हणून बी मागवण्याआधी पिटुनियाशी ताडून बघा. दोन्ही थंडीची फुलं, दोन्हींत खाली पसरणारे वाण मिळतात आणि दोन्ही पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांत फुलतात. निकाल लागतो तो उकाड्यावर.

पॅन्सीचं बी १८ ते २१ अंशांत उत्तम रुजतं. पारा पंचविशीच्या पुढे गेला की उगवण घटत जाते. इकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस मुंबईचा निरोप घेतो आणि लगेच ऑक्टोबर हीट, दुपारी ३३-३४ अंश. पेरायची वेळ आणि उकाडा नेमके एकत्र येतात. थंडी पडू दे म्हणून डिसेंबरपर्यंत थांबलात, तर फुलं यायला मार्च उजाडेल आणि मार्चचं ऊन पॅन्सीला सोसत नाही. कोरड्या हवेच्या गावात ट्रेखाली ओलं पोतं ठेवलं की गारवा मिळतो. मुंबईच्या दमट हवेत पोत्यातलं पाणी उडतच नाही पटकन, मग गारवा कुठून येणार? खरा उपाय एसीची खोली.

इथे पॅन्सीचा एक गुण फार उपयोगी पडतो: तिच्या बियांना रुजताना अंधार आवडतो. प्रो-ट्रेमध्ये (छोटे कप्पे असलेला रोपांचा ट्रे) ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरा, बी टाका, वर तीन-चार मिलिमीटरचा थर द्या आणि ट्रे एसीच्या बेडरूममध्ये पलंगाखाली सरकवा. आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतात. पहिला कोंब दिसला की ट्रे त्याच दिवशी उजेडात आणा, नाहीतर रोपं लांबट आणि लेचीपेची होतात. पाणी जपून घाला. सतत चिंब राहिलेल्या कोकोपीटमध्ये रोपं बुडाशी कुजून कोलमडतात.

पिटुनियाचं तंत्र उलटं. बी धुळीसारखं बारीक, एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास. ते झाकायचं नाही, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. पाणी वरून ओतलं तर बी वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल शोषू द्यावी. बारीक बी हाताळणं जमत नसेल तर लेप चढवलेलं बी घ्या, गोळी मोठी असते. पहिले काही आठवडे रोपं इतकी इवलीशी राहतात की धीर सुटतो, सोडू नका. थोडा जास्त उकाडा ती पॅन्सीपेक्षा बरा सोसतात, त्यामुळे एसीवाचूनही खिडकीत काम होतं.

मग गॅलरीची दिशा बघा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत ऊन दिवसभर आत येतं. तिथे पिटुनियाच लावा. पश्चिमेलाही तोच, दुपारची धग तो पेलतो. पूर्वेची गॅलरी मात्र पॅन्सीसाठी छान: सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. उत्तरेला थंडीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. तिथे दोन्हींचा मोह टाळावा.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरलेली पॅन्सी जानेवारीच्या मध्यावर फुलायला लागते आणि फेब्रुवारीअखेर थकते. तेवढ्या काळातही सुकलेली फुलं सतत खुडावी लागतात. त्याच सुमारास पेरलेला पिटुनिया ऊन कडक होईपर्यंत, बऱ्याचदा एप्रिलपर्यंत साथ देतो. 'वेव्ह' नावाच्या पसरणाऱ्या पिटुनियाला फुलं खुडण्याचीही फारशी गरज नसते. त्यातल्या जांभळ्या वाणाला १९९५ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा (नव्या वाणांची चाचणी घेणारी अमेरिकी संस्था) मान मिळाला होता.

डिसेंबरात नर्सरीतून तयार रोपं आणणं हा सोपा मार्ग आहेच, आणि नुसती फुलं हवी असतील तर तोच घ्या. पण तिथे दिसणारी पॅन्सी बहुधा उभी वाढणारी, मोठ्या फुलांची असते. ती कुंडीच्या कडेवरून खाली उतरत नाही. 'कूल वेव्ह'सारखी ६०-७५ सेंटीमीटर पसरणारी पॅन्सी हवी असेल, तर बियांपासून सुरुवात करण्यावाचून फारसा इलाज नाही.

म्हणून माझं मत असं: पहिल्यांदाच बी पेरत असाल किंवा गॅलरीत दुपारचं ऊन असेल, तर पिटुनिया. घरात एसी रोज चालतोच, गॅलरी पूर्वेची आहे आणि पॅन्सीच्या फुलांवरचे ते टपोरे चेहरे तुम्हाला मनापासून आवडतात, तर सहा-सात आठवड्यांच्या बहरासाठीही पॅन्सी लावा. ते रंग पिटुनियात नाहीत. केवळ बियांसाठी एसी चालू ठेवणं मात्र मला पटत नाही.

कुंडी ग्रिलच्या आतल्या बाजूला टांगा, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळणार नाही. वरच्या मजल्यांवर वाऱ्याने टांगती कुंडी लवकर सुकते, तेव्हा माती रोज बोटाने चाचपा. बी घेताना पाकिटावरची तारीख वाचा, कारण पॅन्सीचं बी जुनं झालं की उगवण लवकर घटते. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रीजमध्ये ठेवा. दोन्ही फुलांचे असे वाण बहुधा संकरित असतात, तेव्हा झाडावर धरलेलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर रंग आणि पसारा तोच येईल असं धरून चालू नका.