दमा: पंप, इंजेक्शन की 'एकदाच पेशी'?

निपाणीच्या माझ्या आतेभावाने बातमी पाठवली: 'दमा एका डोसात बरा'. खाली प्रश्न, "पंप बंद करून याची वाट बघू काय?" त्याची उभी हयात तंबाखूच्या वखारीत धूळ खात गेली. माझं बेळगावात औषधाचं दुकान आहे, म्हणून तो मला विचारतो.

बातमी खरी आहे, पण ती उंदरांची. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी टी पेशींतली, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींतली, दोन जनुकं बंद करून त्यांना दीर्घायुषी केलं. या पेशी श्वासनलिका सुजवणाऱ्या इओसिनोफिल पेशींना शोधून मारतात, शिवाय आयएल-४ आणि आयएल-१३ या सूज भडकवणाऱ्या संदेशांची वाट अडवणारं प्रथिनही सोडतात. उंदरांचा दमा एकाच डोसात दीर्घकाळ दबला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पण आपल्याकडे अशा पेशी मिळतात त्या रक्ताच्या कर्करोगासाठी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची नेक्सकार१९ ही पेशींची उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली. तिथे जीवच पणाला लागलेला असतो, म्हणून तीव्र ताप, रक्तदाब घसरणं असले धोके पत्करतात. दम्याचं गणित वेगळं आहे. दम्यावरचं इंजेक्शन सोसलं नाही तर पुढचं घ्यायचं नाही, काही महिन्यांत त्याचा अंमल ओसरतो. वर्षानुवर्षं जगायला बनवलेली पेशी एकदा अंगात गेली की सहज मागे घेता येत नाही.

इंजेक्शनं मात्र आज मिळतात, आणि नेम जवळपास त्याच जागी धरतात. ओमालिझुमॅब आयजीई हे अ‍ॅलर्जी भडकवणारं प्रथिन पकडतं, दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायचं. मेपोलिझुमॅब आयएल-५ हा इओसिनोफिल वाढवणारा संदेश अडवतं, महिन्याला एक. खर्च मोठा, आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत. आधी रक्तात आयजीई आणि इओसिनोफिल बघावे लागतात. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर इओसिनोफिल कमी दिसतात, ते डॉक्टरांना आधीच सांगायचं.

पण त्याच्याही आधी पंप. आतेभावाला समोर बसवून ओढायला लावला. डबी हलवली नाही, श्वास बाहेर सोडला नाही, दाबल्याबरोबर निम्मं औषध ओठांतून बाहेर! दहा वर्षं तो असाच घेतोय. त्यातही नुसता निळा. निळ्याने नळी तेवढ्यापुरती उघडते, सूज तशीच राहते. सुजेवरचा स्टेरॉइडचा पंप 'सवय लागते' म्हणून त्याने सोडून दिला होता. तशी सवय लागत नाही. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध साठवून धरणारी पोकळ नळी, लावायचा, सावकाश ओढायचं, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा, मग चूळ भरायची.

त्याला स्पष्ट सांगितलं: पंप बंद करायचा नाही. डॉक्टरांना दाखवून सुजेवरचा पंप पुन्हा सुरू कर आणि तीन महिने नीट घे. तरी रात्री उठून बसायची वेळ आली, तर इंजेक्शनाचं विचार. पेशींसाठी गुंठाभर जमीनही विकायची नाही.

सोमवारी तो छातीच्या डॉक्टरांकडे येतोय. स्पेसर मी काढून ठेवलाय.