क्विझचे प्रश्न ठेवायचे कुठे : स्ट्रिंग रिसोर्समध्ये की जेसन फाइलमध्ये?

अँड्रॉइडवर क्विझ अ‍ॅप करणारे बरेच जण 'प्रश्न_१', 'प्रश्न_२' अशा नावांनी स्ट्रिंग रिसोर्स (कोडबाहेर नाव देऊन ठेवलेला मजकूर) भरतात आणि चालू प्रश्नाचा क्रमांक जोडून गेट-आयडेंटिफायरने (नावावरून रिसोर्सचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, शोधणारं फंक्शन) मजकूर उचलतात. याचा एक फायदा खरोखर मोठा आहे: मराठीचं वेगळं व्हॅल्यूज फोल्डर (स्ट्रिंग रिसोर्स ज्यात असतात ते) केलं की फोनच्या भाषेप्रमाणे मजकूर आपोआप बदलतो. पण नावात एक अक्षर चुकलं तर कंपायलर (कोडचं अ‍ॅपमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम) गप्प बसतो. हातात येतो शून्य आयडी, आणि तो तसाच गेट-स्ट्रिंगला (आयडीवरून मजकूर देणारं फंक्शन) दिला की अ‍ॅप क्रॅश. शिवाय नावावरून शोधणं थेट आयडीपेक्षा मंद असतं, म्हणून अँड्रॉइडचं डॉक्युमेंटेशनही ही पद्धत टाळायला सांगतं.

असेट्समधल्या (अ‍ॅपसोबत जाणाऱ्या फाइल्सच्या फोल्डरमधल्या) जेसन फाइलमध्ये, म्हणजे नाव-किंमत अशा जोड्यांत माहिती ठेवणाऱ्या साध्या मजकूर फाइलमध्ये, प्रश्न, चार पर्याय, बरोबर उत्तर आणि स्पष्टीकरण एकाच ऑब्जेक्टमध्ये (जोड्यांच्या एका गटात) राहतात. उत्तर एकीकडे, पर्याय दुसरीकडे असा घोळ होत नाही. पुढे तीच फाइल सर्व्हरवरून आणली, तर चुकलेलं उत्तर नवीन आवृत्ती न काढता दुरुस्त होतं. स्पर्धा परीक्षांच्या अ‍ॅपमध्ये मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण मुलं त्या उत्तरावर विश्वास ठेवून अभ्यास करतात. भाषेप्रमाणे फाइल मात्र कोडमध्ये स्वतः निवडावी लागते.

माझं मत: प्रश्न जेसनमध्ये, बटणं आणि सूचना स्ट्रिंग रिसोर्समध्ये.