लाईट गेल्यावर कोणता गेम टिकतो : आठ महिन्यांचा हिशेब

गोष्ट ऑक्टोबरातली. रात्रीचे साडेदहा. सिव्हिलायझेशन सिक्स, म्हणजे फेरी-फेरीनं चाल करत राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम. त्यात माझ्या परभणीनं जर्मनीची राजधानी तीन बाजूंनी घेरली होती. शहरांची नावं त्यात बदलता येतात, आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे लहानपणापासून ऐकत आलोय. एकदा तो विषय मिटवायचाच होता. तोफा लावल्या, तटबंदी निम्म्यावर आणली आणि लाईट गेली. यूपीएसनं एकदाच 'टीं' केलं आणि तोही गेला.

लाईट पावणेबाराला आली. गेम उघडला तर माझं सैन्य नऊ फेऱ्या मागं, अजून नदीच्या अलीकडंच. ऑटोसेव्ह, म्हणजे गेमनं स्वतःहून सेव्ह करणं, दर दहा फेऱ्यांनी ठेवलं होतं, ही चूक माझीच. दर फेरीला सेव्ह करायचं म्हटलं की माझी जुनी हार्ड डिस्क कण्हायला लागते. पण खेळाच्या उत्तरार्धात एकेक फेरी संपायला दोन-दोन मिनिटं लागतात. नऊ फेऱ्या म्हणजे तासाभराचं राबणं पाण्यात.

त्या रात्री ठरवलं, ग्राफिक्स, रेटिंग सगळं बाजूला. गेम तपासायचा तो दोनच गोष्टींवर. लाईट गेल्यावर मागं काय उरतं? आणि गिऱ्हाईक आलं तर थांबतो का?

गिऱ्हाईक म्हणजे, घराच्या ओसरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, स्कॉलरशिप, भरतीचे अर्ज. जुलैत जेवायला फुरसत नसते, बाकी वर्षभर माशा मारायच्या. कॉम्प्युटर सेकंडहँड आय-थ्री, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तेव्हा ज्यांच्याकडं महागडी मशीन आणि इन्व्हर्टर आहे त्यांनी हा अनुभव करमणूक म्हणून वाचावा.

सिव्हिलायझेशन मी फुकटात घेतला होता, मे २०२० मध्ये एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानानं वाटला तेव्हा. लॉकडाऊनमध्ये मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीन रात्री डाउनलोड चालू होतं. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण मोजतो. पहिल्या शंभर फेऱ्या सोनं आहेत. कुठं गाव वसवायचं, नदीकाठ धरायचा की डोंगर, आधी लिहिणं शिकायचं की घोडे पाळायचे. गिऱ्हाईक आलं तर बिनधास्त मिनिमाइज करा, फेरी तुमच्याशिवाय पुढं सरकत नाही. पण साधा डाव ५०० फेऱ्यांचा आहे. तीनशेच्या पुढं माझं मशीन असं चालतं जसं उसाचा ट्रॅक्टर चढावर. ऑक्टोबरात याला पाच तारे देणार होतो. आता तीन. ऑटोसेव्ह दर फेरीला करून घेतलंय, डिस्क कण्हली तर कण्हू दे.

मग मी पेटलोच. नवीन गेम टाकला की आधी तपासणी. पाच मिनिटं खेळायचं आणि उठून मेन स्विच पाडायचा. घरच्यांना वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झाला. तिसऱ्यांदा टीव्ही बंद पडला तेव्हा आईनं विचारलंच, "आरं, लाईट जायलीच हाय की रोज. तू कामून घालवायलास अजून?"

या परीक्षेत पहिला आला बॅटल फॉर वेसनॉथ. २००३ पासूनचा गेम, लोकांनी मिळून बनवलेला, पूर्ण फुकट, जाहिरात नाही. दिसायला जुना. षटकोनी घरांचा पट, फेरी-फेरीनं चाल. पण दर फेरीला स्वतःहून सेव्ह होतो, आणि माझ्या डिस्कला ते कळतही नाही. स्विच पाडला, चालू केला, त्याच फेरीच्या सुरुवातीला हजर. दिवस-रात्रीचा हिशेबही मस्त आहे. काही शिपाई दिवसा २५ टक्के जास्त जोरानं मारतात आणि रात्री तेवढेच ढिले पडतात, काहींचं बरोबर उलटं. त्यामुळं संध्याकाळ झाली की माघार घ्यायची आणि उजाडलं की चढाई. राग एकाच गोष्टीचा, नशिबाचा. गढीत उभा असलेला माझा भालेवाला, त्याला वार लागायची शक्यता ४० टक्के, आणि तिन्हीच्या तिन्ही वार लागतात. असं आठवड्यातून एकदा तरी होतं. तरी साडेचार तारे, आणि ते अर्धं कापलंय ते त्या भालेवाल्यासाठी.

झिरो एडी पण फुकट आणि लोकांनीच बनवलेला. त्यात मौर्य आहेत, कामाला हत्ती आहेत, ते बघून भारी वाटतं. पण खेळ सलग चालणारा. गिऱ्हाईक आलं की पॉज दाबायचं लक्षात ठेवावं लागतं. एकदा विसरलो आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरून परत येईस्तोवर माझं गाव जळालेलं. माणसं वाढली की चित्र अडकायला लागतं ते वेगळंच. काढून टाकला.

एज ऑफ एम्पायर्स टू बद्दल तुम्हाला सांगायला नको. गाव वसवून लढाया करायचा १९९९ चा गेम, आपल्या पिढीनं नेट कॅफेत तासाचे पंधरा रुपये देऊन खेळलाय. नवी आवृत्ती २०१९ ला आली. २०२२ मध्ये त्यात भारतातल्या राजवटींची भर पडली, द्रविड, बंगाली, गुर्जर. मी आशेनं यादी वाचली. देवगिरीचे यादव नाहीत! दौलताबादचा किल्ला एवढा आमच्या उशाशी, बोगद्यातल्या अंधाऱ्या वाटेपासून खंदकापर्यंत सगळी सोय तयार, आणि त्यांना दिसला नाही. विकत घेतला नाही. यादव टाकतील त्या दिवशी पूर्ण किंमतीला घेईन, सेलची वाट पाहणार नाही. हे वाक्य माझ्याकडून फार वेळा येत नसतं.

जाता जाता फ्रीसेल या पत्त्यांच्या गेमचं. जुन्या विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर डावाचा नंबर टाकून खेळायची सोय होती. एका पाहुण्यानं मला ११९८२ नंबर लाव म्हणून सांगितलं. दोन दिवस डोकं फोडलं. नंतर कळलं की पहिल्या ३२,००० डावांत न सुटणारा तेवढाच एक आहे. पाहुण्याला अजून चहाला बोलावलेलं नाही.

दुकानासाठी सगळ्यात सोयीचा निघाला मिनी मेट्रो. स्टेशनं येत राहतात, आपण रेघा ओढून जोडायची, गर्दी साचली की डाव संपला. मध्येच थांबवून निवांत रेघा ओढता येतात. दहा-पंधरा मिनिटांचा डाव, लाईट गेली तरी जातंय काय? त्यात मुंबईचा नकाशा पण आहे. क्रॉसिंगला तास-तास थांबून मनमाड गाठणाऱ्या माणसाला नुसती रेघ ओढली की गाडी धावते यात किती सुख आहे, ते पुण्या-मुंबईच्या वाचकांना कळायचं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो, स्टारड्यू व्हॅली. डिसेंबरच्या सेलमध्ये तीनशेच्या आत मिळाला. २०१६ चा गेम, एका माणसानं चार-साडेचार वर्षं एकट्यानं बसून बनवलाय. नांगरणी, पेरणी, पाणी, विक्री. खालचं जानेवारीत लिहून ठेवलं होतं, तसंच्या तसं देतो:

"एक तारा. शेतीचा गेम बनवणाऱ्या माणसाच्या गावात लाईट जात नसावी. हा गेम मधे सेव्हच होत नाही! आपला गडी रात्री अंथरुणावर झोपला तरच दिवस सेव्ह. गेममधला एक दिवस खरी चौदा मिनिटं चालतो. तेराव्या मिनिटाला लाईट गेली की सकाळपासून पुन्हा पाणी घाला. आज तीनदा तोच सोमवार उजाडला. पैसे वाया."

यातलं तांत्रिक सगळं आजही खरं आहे. पण तारे बदललेत. दोन कारणांनी.

पहिलं कारण यूपीएस. नोव्हेंबरात मी त्याची बॅटरी बदलून घेतली होती. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस, आत बारा व्होल्ट सात एएचची बॅटरी. जुनी परत देऊन अकराशे रुपये, बिलावर पेनानं 'सहा महिने' लिहून. मार्चमध्ये ती फुगली. दुकानात घेऊन गेलो तर दुकानदार म्हणतो, "तुमच्याकडं लाईट लई जाते, त्यानं बॅटरीवर लोड येतोय. हे वॉरंटीत बसत नाही." मी म्हणालो, लाईट जात नसती तर यूपीएस कशाला घेतला असता, पूजेला? तीन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेला मालक नव्हते, तिसऱ्याला बिलावरचं अक्षर आमचं नाहीच म्हणाले. शेवटी आणखी साडेपाचशे देऊन नवीन आणली. म्हणजे माझे आजवरचे सगळे गेम मिळून पाचशेच्या आत, आणि त्यांना जिवंत ठेवणारा डबा साडेसोळाशेला. पण आता लाईट गेल्यावर दहा मिनिटं मिळतात. चौदाच्या दिवसातली दहा.

दुसरं कारण अण्णा.

अण्णांनी उभ्या आयुष्यात गेम बघितला नाही. जानेवारीत हरभऱ्याला पाणी देऊन आले आणि माझ्यामागं बाजेवर टेकले. स्क्रीनवर माझा गडी झारीनं एकेका रोपाला पाणी घालत होता. अण्णा पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, "काय लावलंय?"

पार्सनिप. आता पार्सनिप अण्णांना कसं सांगू? पांढरं गाजर म्हणालो. बी वीसचं, चार दिवसांत निघतं, पस्तीसला जातं.

"कुठं जातंय?"

घराशेजारची लाकडी पेटी दाखवली. त्यात माल टाकायचा, झोपायचं, सकाळी पैसे जमा.

अण्णा खुर्ची ओढून जवळ आले. "आडत?" नाही. "हमाली, तोलाई?" नाही. "भाव पडला तर?" पडत नाही अण्णा, किती पण टाका, पस्तीस म्हणजे पस्तीस. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि आम्ही चार हजाराच्या आसपास घालून मोकळे झालो होतो. अण्णा बराच वेळ त्या पेटीकडं बघत बसले.

त्यानंतर रोजचंच झालं. गेममधल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि ते तंतोतंत खरं ठरतं, हे कळल्यावर अण्णांनी आधी विश्वासच ठेवला नाही. सात दिवस तपासून घेतलं. पाऊस पडणार म्हटलं की पडतोच, आणि त्या दिवशी पाणी घालावं लागत नाही. हंगाम २८ दिवसांचा. मी हावरटपणानं २२ तारखेला बारा दिवसांचा फ्लॉवर लावला, एका बियाला ऐंशी मोजून. अण्णांनी बोटावर मोजलं, "बावीस अन् बारा चौतीस. तुझा महिना किती दिवसांचा म्हणालास?" दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी सगळा फ्लॉवर वाळून गेला. आठवडाभर ऐकून घेतलं.

आणि त्या झोपून सेव्ह करण्याचं. ज्या गोष्टीवर मी एक तारा दिला होता ती त्यांना समजावून सांगितली, की दिवसभर कितीही राबा, झोपेपर्यंत काहीच खरं नाही. मला वाटलं ते पण वैतागतील. तर म्हणाले, "मग बरोबरच हाय की. आपलं तरी माल घरात येईस्तोवर काय खरं असतंय?"

आता काय बोलणार. चार तारे. पाचवा अजून देत नाही, कारण मधे सेव्ह करायचं एक बटन दिलं असतं तर त्या माणसाचं काय जात होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

परवा जूनच्या पहिल्या वाऱ्यात पुन्हा लाईट गेली. बाहेर पत्रे वाजायला लागले, यूपीएस टीं-टीं करायला लागला. माझ्या एका टॅबमध्ये कुणाचा तरी अर्ध्यात आलेला अर्ज होता, तो आधी सेव्ह करायला धावलो. तेवढ्यात अंधारातून अण्णांचा आवाज आला, "आरं, ते फॉर्मचं राहू दे. त्याला झोपव आधी!"