एक्सेलमधला ड्रिल-डाऊन चार्ट: पिव्होटचार्ट की ड्रॉपडाऊन?

विभाग, मग जिल्हा, मग तालुका असं आत आत शिरायचं असेल तर माझं मत सरळ पिव्होटचार्टला (म्हणजे डेटाची गटवार बेरीज करून देणाऱ्या पिव्होट टेबलावर बांधलेला चार्ट), कारण एक्सेल 2016 पासून चार्टवरच अधिक-उणेची बटणं मिळतात, अधिक दाबलं की विभागाखालचे जिल्हे उघडतात, आणि पिव्होट टेबलातल्या आकड्यावर डबल क्लिक केलं की त्यामागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर हजर! हिशोब कुठे फुगला ते लगेच सापडतं. फक्त डेटा बदलला की रिफ्रेश करायचं विसरू नका, आणि स्कॅटर चार्ट (दोन आकड्यांचा संबंध ठिपक्यांनी दाखवणारा) यात होत नाही.

ड्रॉपडाऊनवाल्या पद्धतीत डेटा व्हॅलिडेशनने सेलमध्ये निवडीची यादी लावून समइफ्सने (SUMIFS, अटींनुसार बेरीज करणारा फॉर्म्युला) आकडे काढायचे, मेहनत जास्त आहे, प्रत्येक पातळीला वेगळा फॉर्म्युला लागतो, पण आकडा टाकला की चार्ट लगेच बदलतो. दोनच पातळ्या असतील तर हाच बरा.