पाळणाघराचे दहा महिने: वेळापत्रक नंतर बघा, ताई कोण ते आधी विचारा

मुलगी दोन वर्षं दोन महिन्यांची असताना पाळणाघरात घातली, आता तिला तीन पूर्ण झाली. मत द्यायला एवढा काळ पुरे. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे आणि पोर अजून तिथेच जाते.

प्रवेशाच्या वेळी आम्हाला तीनदा ऐकवलं गेलं की हे नुसतं सांभाळायचं ठिकाण नाही, हा 'बालसंगोपन आणि बालशिक्षण कार्यक्रम' आहे. माहितीपत्रक गुळगुळीत कागदाचं, वर मेंदूचं रंगीत चित्र, आत अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूल प्रयोगाचा हवाला. तेव्हा मान डोलावली. नंतर घरी बसून वाचलं. गरीब घरच्या मुलांना लहानपणी चांगलं बालशिक्षण दिलं तर पुढे काय फरक पडतो, हे बघणारा तो प्रयोग १९६२ ते १९६७ या काळातला, मिशिगनमधल्या इप्सिलांटीचा. एकूण १२३ मुलं, त्यातली ५८ प्रत्यक्ष कार्यक्रमात. शिक्षिका प्रशिक्षित, आणि त्या दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन साधारण दीड तास बसायच्या. त्या मुलांचा माग चाळिशीपर्यंत ठेवला. बुद्ध्यंकातली सुरुवातीची वाढ पुढे विरून गेली, पण शिक्षण, कमाई, अटक होण्याचं प्रमाण यांत फरक टिकला. उत्तम. मात्र आमच्या केंद्रातून दहा महिन्यांत घरी कोणी फिरकलेलं नाही. हवाला त्यांचा, फी यांची.

हे सोडलं तर सुरुवात फारच चांगली झाली. रुळवायचा अख्खा आठवडा दिला. पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास, मी खोलीतच. मी खुर्ची ओढली तर ताई म्हणाल्या, खाली बसा, भिंतीला टेकून. खुर्चीवरचा बाबा तिला निघायच्या तयारीतला दिसतो. तिला खेळवू नका, बोलावू नका, फोनही काढू नका, नुसते असा. नुसतं असणं इतकं अवघड असतं हे मला तिशी उलटल्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं बाहेर जायचं होतं. मी हळूच म्हटलं, ती रमली की सटकतो.

"सटकायचं नाही बाबा," ताई म्हणाल्या. "सांगून जायचं. रडली तर मी आहे. पण न सांगता गेलात ना, तर ती खेळणार नाही, दिवसभर दाराकडेच बघेल."

सांगून गेलो. दाराबाहेर घड्याळ बघत उभा. चार मिनिटं आकांत, मग शांत. परत आलो तर ताईच्या मांडीवर, नाक वाहतंय, हातात लाकडी कडं, आणि माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं.

इथे प्रत्येक मुलाची एक ठरलेली ताई असते. सकाळी ती घेणार, डायपर ती बदलणार, झोपवणार ती, संध्याकाळी आपल्याशी बोलणारही तीच. ही पद्धत एलिनॉर गोल्डश्मिड या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी ब्रिटनमधल्या पाळणाघरांत रुजवली. वरवर कारकुनी वाटणी वाटते, पण तिचा उपयोग रोज दिसतो. आमच्या ताईंना ठाऊक होतं की ही झोपताना पांघरुणाचं टोक कानाला घासते, की 'नको' म्हणाली तरी हात पुढे असेल तर ते 'हो' असतं, की शू लागली की ती बोलायची बंद होते. डायपर सुटला तो त्या शेवटच्या निरीक्षणावर. आमच्या घरच्या दर तासाला 'शू आली का?' विचारण्याच्या मोहिमेला त्यात काहीही श्रेय नाही.

खोलीत १५ मुलं, तीन ताया, एक मावशी. म्हणजे १:५. तुलनेसाठी सांगतो, इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी १:४ चा नियम होता, तो सप्टेंबर २०२३ पासून १:५ पर्यंत सैल केला आणि त्यावर तिथे बरीच ओरड झाली. पण कागदावरचं प्रमाण आणि दुपारी पावणेदोनचं प्रमाण ही दोन वेगळी प्रकरणं. एक ताई जेवायला, एकीला ऑफिसात बोलावलेलं, उरली एक आणि मुलं पंधरा. बहुतेक झोपलेली असतात हे खरं, सगळी नसतात हेही खरं. चौकशीला जाणार असाल तर सकाळी साडेदहाला जाऊ नका. त्या वेळी कुठलंही पाळणाघर छानच दिसतं. दुपारी जा, नाहीतर संध्याकाळी न्यायच्या गर्दीत.

आता शिक्षण. दुसऱ्या महिन्यात माझा पारा चढला होता. ना अक्षरं, ना आकडे, ना घरी पाठवलेला एखादा कागद. रोज विचारलं की उत्तर: पाणी खेळलो. बायको म्हणाली, भांडण्याआधी एकदा बघून तरी ये. एक सकाळ मागून घेतली आणि कोपऱ्यात बसलो.

पाणी खेळणं म्हणजे पाण्याचे दोन छोटे जग, एक स्पंज, एक ताट. ती एका जगमधून दुसऱ्यात ओततेय, जीभ बाहेर, मनगट थरथरतंय. सांडलं. माझा हात आपोआप पुढे झाला. ताईंनी नुसती मान हलवली. पोरीने स्पंज घेतला, पाणी टिपलं, पिळलं, पुन्हा ओतायला घेतलं. अकरा वेळा. मी मोजलं, कारण दुसरं काही करायची परवानगीच नव्हती. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं तेव्हापासून हे ओतणं-पुसणं-बटणं लावणं चालत आलंय. मी ते ऐकून होतो, पण त्यात बोटांची पकड, अंदाज आणि चूक आपली आपण निस्तरणं असं सगळं एकाच वेळी चाललेलं असतं, हे मनगट थरथरताना बघितल्याशिवाय पटलं नसतं.

ठोकळ्यांचा कोपरा मला त्याहून आवडला. साधे, बिनरंगी लाकडी ठोकळे. कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेली ही रचना. मूळ ठोकळ्याची जाडी, रुंदी, लांबी १:२:४ या प्रमाणात, आणि बाकीचे त्याच्या अर्धे, दुप्पट, चौपट. त्या सकाळी आमच्या बाईसाहेब भिंत बांधत होत्या आणि शेवटी एक खाच उरली. लांब ठोकळा संपलेला. तिने एक अर्धा ठेवला, खाच उरलीच. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग दुसरा अर्धा आणला आणि दाबून बसवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताई फक्त म्हणाल्या, "दोन लागले." अक्षरांबद्दल मी त्यानंतर विचारलं नाही. खोटं कशाला, एकदा विचारलं, पण आवाज खाली होता.

आणखी एक काळजी होती: ही कोणाशी खेळतच नाही. शेजारी मुलगा बसलाय, दोघांची तोंडं दोन दिशांना, दोघंही ट्रक फिरवतायत. याला समांतर खेळ म्हणतात, मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ साली मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले त्यातला हा एक, आणि या वयात तो अगदी रास्त. तो मुलगा आजारी असला की मात्र हिचा ट्रक जागेवरच राहायचा. वाट्याला आलेली मैत्री अशीही असते.

चौथ्या महिन्यात चावलं. म्हणजे हिला. डाव्या दंडावर दातांची गोल माळ. केंद्राने दुपारीच फोन केला, जखम साबण-पाण्याने धुतली, नोंदवही दाखवून सही घेतली. कोण चावलं ते सांगितलं नाही. मी चिडलो. दोन महिन्यांनी हिने दुसऱ्याला चावलं, त्याच्या आईवडिलांनाही नाव सांगितलं नाही, तेव्हा नियम एकदम शहाणपणाचा वाटू लागला. बोलता न येणारं मूल दातांनी बोलतं, असं ताई म्हणाल्या, आणि आठवडाभर ती गर्दीत अडकली की त्या शेजारी जाऊन बसायच्या.

आजारपणाबद्दल थोडक्यात: पहिले चार महिने घर म्हणजे दवाखानाच. सर्दी, पुन्हा सर्दी, एकदा हाता-पायावर आणि तोंडात फोड. तापाचं औषध न देता २४ तास ताप नसेल तरच आत घ्यायचं, उलटी-जुलाब असतील तर थांबल्यावर ४८ तास घरी, हा नियम ते कडक पाळतात आणि पाळावाच. तुम्ही तुमच्या रजा आधीच साठवून ठेवा. एक चांगली गोष्ट म्हणजे हात साबणानेच धुवून घेतात. पोटाच्या काही विषाणूंवर, विशेषतः नोरोव्हायरसवर, सॅनिटायझर फारसा चालत नाही.

ॲपवर रोज फोटो येतात. सुरुवातीला ऑफिसात सारखं उघडायचो. मग लक्षात आलं, फोटो काढणारा हात म्हणजे मुलांजवळून उचललेला हात. आता आठवड्याला चार पुरेत असं लेखी कळवलंय. असं मागणारे आम्ही पहिलेच पालक निघालो.

आता तक्रार. आठव्या महिन्यात एका सोमवारी ताई दिसल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी ऑफिसातून कळलं, त्या सोडून गेल्या. आम्हाला सूचना नाही, मुलांना निरोप नाही. चौकशी केल्यावर उत्तर: "कार्यक्रमात काही बदल नाही, सगळं तसंच चालू आहे." वेळापत्रक खरंच तसंच होतं. पाणी होतं, ठोकळे होते, झोपेची वेळ तीच. पोर रडली नाही. पहिल्या आठवड्याच्या संध्याकाळच्या टिपणात लिहून आलं, 'छान रुळली, अजिबात त्रास नाही.'

त्या 'अजिबात' शब्दानेच मी हललो. आईवडिलांपासून दुरावलेल्या लहान मुलांचं जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या ब्रिटिश संशोधकांनी जे निरीक्षण केलं त्यात तीन टप्पे होते: आधी आकांत, मग हताशपणा, मग अलिप्तता. तिसऱ्या टप्प्यातलं मूल बाहेरून गुणी दिसतं. आमचं प्रकरण एवढं मोठं नव्हतं हे मलाही कळतं, तिला संध्याकाळी घर होतं. पण घरी ती पांघरुणाचं टोक कानाला लावेना, सुटलेला डायपर परत आला, आणि ऑफिसला निघताना मी 'येतो' म्हटलं की ती माझ्याकडे न बघता "नाय" म्हणायची. ज्या बाईंनी मला सांगून जायला शिकवलं, त्यांनाच सांगून जाऊ दिलं नव्हतं. दोष त्यांचा नाही. पगार काय मिळतो, सुट्टी किती मिळते, हे आम्ही पालकांनी कधी विचारलंच नव्हतं. मी मेंदूच्या चित्राबद्दल विचारलं होतं.

केंद्राशी दोन बैठका झाल्या. मागणी साधी: ताई जाणार असेल तर दोन आठवडे आधी कळवा, नवी आणि जुनी काही दिवस एकत्र खोलीत असू द्या, आणि मुलांना तोंडाने सांगा. त्यांनी ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. मी नव्या ताईंना एका कार्डावर सात ओळी लिहून दिल्या: पांघरूण, 'नको'चा अर्थ, शूची खूण वगैरे. त्या वयाने लहान आहेत, घाईत असतात, पण कार्ड त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, मी बघितलं. डायपर गेल्या आठवड्यात परत सुटला.

पाचपैकी गुण द्यायचेच तर कार्यक्रमाला साडेचार, व्यवस्थापनाला दोन, आणि गेलेल्या ताईंना जे काही देता येत असेल ते. पुढच्या महिन्यात ती मोठ्या गटात जाणार. तिथे तिची ताई कोण, त्या किती वर्षं इथे आहेत, असं विचारलंय. कळवतो म्हणालेत.