झुकिनीसाठी १८ इंची ग्रो बॅग घ्यावी का?

झुकिनी लावायची असेल तर १८ बाय १८ इंचीच (रुंदी आणि उंची) ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायची पिशवी, घ्या, त्याहून लहान नको. नाशिकला आमच्या गच्चीवर मी हिरव्या एचडीपीईच्या (विणलेल्या जाड प्लास्टिकच्या), २२० जीएसएमच्या (चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाच्या कापडाच्या) बॅगा वापरते. त्याच भरवशावर हे लिहिते आहे.

दुकानदार इंचात सांगतो, त्यामुळे १२ आणि १८ मध्ये फारसा फरक वाटत नाही. पण काठोकाठ भरली तर १२ इंची बॅगेत माती मावते जेमतेम २२ लिटर, १५ इंचीत ४३ आणि १८ इंचीत ७५च्या आसपास. झुकिनीचा वेल पसरत नाही, झुडूपच होतं, पण पानं थाळीएवढी होतात आणि पाणी सपाट्याने ओढतात. लहान बॅगेत सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत संपतं. पाण्याची अशी ओढाताण झाली की फळं टोकाकडून काळी पडून सडतात. मोठ्या बॅगेत थंडीत दिवसाआड पाणी पुरतं. भर दुपारी पानं माना टाकतात, ती संध्याकाळी आपोआप उभी राहतात; तेवढ्यासाठी पाण्याचा पाइप घेऊन धावू नका.

एका बॅगेत एकच रोप. इकडची काळी माती नुसती भरली तर चिखल होतो, म्हणून मी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळ खत सारख्या प्रमाणात घेते, वर दोन मुठी निंबोळी पेंड. बॅग आधी जागेवर ठेवा आणि मगच भरा. भिजल्यावर ती दोघांनाही हलत नाही.

बॅगेचा मला सर्वांत आवडलेला फायदा मात्र परागीभवनाचा आहे. फुलं कमरेच्या जरा खाली, डोळ्यांसमोर येतात. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, लांब बारीक देठाची. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मागून मादी फुलं येतात, त्यांच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढी झुकिनी आधीच असते. चौथ्या मजल्यावर मधमाश्या कमी, म्हणून सकाळी फुलं उमलली की नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि पिवळी धूळ मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायची. उन्हं चढली की फुलं मिटतात. हे राहिलं तर ती चिमुकली झुकिनी पिवळी पडून गळते. जमलं तर आठवड्याभरात वीतभर फळ हाती येतं. तेव्हाच काढा; थोरलं झालं की बिया निबर होतात आणि रोप नवी फळं धरायचं थांबतं.

भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, येतेच, बॅग असो की जमीन. पण बॅगा दोन-अडीच फूट अंतरावर ठेवता येतात, हवा खेळते, आणि खालची पांढरी पडलेली पानं चटकन कापता येतात.

तक्रार शिलाईबद्दल आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या बॅगांचे पट्टे पहिल्याच उचलण्यात उसवले, आणि तळाला निचऱ्याची भोकं दोनच होती, तीही कडेला. पैसे परत मागितले तर नुसतं माफीचं उत्तर आलं. आता मी नर्सरीत जाऊन, पट्टा ओढून बघून, दुहेरी टिपेचीच बॅग घेते. भोकं कमी वाटली तर तापवलेल्या खिळ्याने तळाला आणखी चार पाडते. कापडाच्या दशाही त्यामुळे सुटत नाहीत.