यादीतले नाव खरे होते, संकेतस्थळ खोटे

गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी मी अर्थशास्त्र शिकवतो. 2022 मध्ये पदोन्नतीच्या प्रस्तावाला एक शोधनिबंध कमी पडत होता, आणि ग्रामसभांच्या तेंदूपत्ता लिलावावरचा माझा निबंध तयार होता. त्यासाठी दोन हंगाम मी फळीवर (पाने गोळा करण्याच्या केंद्रावर) बसून 70 पानांच्या पुड्यांचा हिशेब टिपला होता.

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर एका नियतकालिकाचे आवाहन आले. त्याचे नाव आणि आयएसएसएन क्रमांक मी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या ‘यूजीसी-केअर’ यादीशी ताडून पाहिले, दोन्ही तंतोतंत जुळले आणि मी निर्धास्त झालो. मूळ नियतकालिक केवळ छापील निघते, आणि अशांचेच नाव व क्रमांक उचलून भामटे परस्पर संकेतस्थळ थाटतात, हे मला ठाऊक नव्हते. आयएसएसएन हा निव्वळ ओळखक्रमांक आहे. त्यावरून दर्जाही कळत नाही आणि संकेतस्थळाचा मालकही.

चौथ्याच दिवशी स्वीकृतिपत्र आले. परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा होता : ‘भाषा सुधारावी’. ‘ओपन ॲक्सेस शुल्क’ म्हणून 4,500 रुपये मागितले होते. यूपीआयच्या पडद्यावर संस्थेऐवजी कुणा व्यक्तीचे नाव उमटले, ते मी वाचले आणि तरीही पैसे पाठवले. मुक्त प्रवेश (ओपन ॲक्सेस) म्हणजे लेखकाने पैसे भरायचे, अशी माझी समजूत होती. वास्तविक मुक्त प्रवेशाची व्याख्या करणाऱ्या 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याचा आग्रह वाचकाला लेख विनामूल्य मिळावा आणि मुक्तपणे वापरता यावा, असा आहे. लेखकाकडून शुल्क घेणे हा खर्च भागवण्याचा केवळ एक मार्ग असून डीओएजे या मुक्त प्रवेश नियतकालिकांच्या सूचीतील बहुसंख्य नियतकालिके लेखकाकडून काहीच घेत नाहीत. ज्या ग्रामसभांची आकडेवारी मी वापरली, त्यांना तो निबंध फुकट वाचता यावा, हाही एक मोह होता.

छाननी समितीने निबंध अमान्य केला. तेव्हा कुठे मी ग्रंथालयातला जुना छापील अंक काढून त्यावरच्या क्रमांकावर फोन लावला. “आमचे संकेतस्थळच नाही, सर,” संपादक म्हणाले; माझ्यासारखे आणखी फोन त्यांना आले होते.

निबंध काढून टाका म्हटल्यावर त्या टोळीने 6,000 रुपये ‘माघार शुल्क’ मागितले. ते मी दिले नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, रक्कम मात्र परत आलेली नाही. निबंध अजून तिथेच असल्याने दुसरीकडे पाठवला की वाङ्मयचौर्य तपासणीत माझीच वाक्ये चोरीची ठरतात. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली, गटावरची आवाहने मात्र चालूच आहेत. असे आवाहन आले, तर पैसे भरण्यापूर्वी छापील अंक मिळवून त्यावरच्या क्रमांकावर संपादकांशी बोला. मला त्या फोनला चार मिनिटे लागली होती.